तिसरी नळी

आबा, आमच्या विद्यापीठातल्या विभागाच्या वार्षिक अंकात मी तुमच्याविषयी लिहिलं, त्यात एक गोष्ट चुकीची आहे. मी लिहिलं, की म्हशीच्या दुधातल्या गाठी दोन दिवसांत गेल्या म्हणून माझ्या वडिलांनी औषधाची तिसरी नळी सडात चढवलीच नाही. आपल्याकडं घरोघरी असंच होतं, आणि असल्या अर्धवट औषधांमुळंच औषधाला न जुमानणारे जंतू वाढतात, असंही पुढं लिहिलं. वाचणाऱ्यांना ते आवडलं. एका शेतकऱ्याची चूक आणि त्याच्या मुलीचं संशोधन, असं कुणीतरी म्हणालंसुद्धा. पण ती चूक तुमची नव्हती. तिसरी नळी तुम्ही माझ्या हातात दिली होती, आणि ती मी चढवली नाही.

अंक घरी आला तेव्हा आईनं चष्मा लावून, एकेक अक्षर जुळवत, सगळा लेख वाचला. तिला दीड तास लागला. मी भाकरी करत होते. वाचून झाल्यावर तिनं अंक मिटला, त्यावर हात ठेवला आणि म्हणाली, "ते तसं न्हवतं." मी म्हटलं, "कसं?" ती म्हणाली, "त्यांनी कधी औषध अर्धं टाकलं न्हाई. त्या दिवाळीच्या पाडव्याला सगरीत म्हस पळवून आल्यावर त्यांनी पयलं मलाच इचारलंतं, पोरीनं नळी चढवली का म्हणून. मी व्हय म्हनलं." मी तव्याकडं बघत राहिले. "तू बघितलंवतंस?" मी विचारलं. "न्हाई की," ती म्हणाली. "तुझ्यावर इस्वास हुता." भाकरी करपली. तिनं पुढं काही विचारलं नाही, मीही सांगितलं नाही. त्याला आता सतरा दिवस झाले.

मी हे पत्र आपल्या गोठ्यात बसून लिहिते आहे. तुम्ही गेल्यावर आईनं दोन्ही म्हशी गगनबावड्याकडच्या पावण्यांना दिल्या, पुढं इथं फरशी घातली, खिडकी मोठी केली, आणि माझी खोली केली. पण मुताची वाट काढण्यासाठी तुम्ही दिलेला उतार फरशीखाली तसाच राहिला आहे. टेबलावरून पेन पडलं की ते घरंगळत बरोबर मोरीच्या कोपऱ्यात जाऊन थांबतं. रोज मी ते तिथून उचलते.

माझी पहिली शाळा ही जागाच होती. शिवाजी पेठेतल्या बाकीच्या मुली बालवाडीत जाऊन गाणी शिकत होत्या तेव्हा मी तुमच्या मांडीला टेकून काळं फडकं धरायला शिकत होते. धार काढायच्या आधी चारी सडांच्या पहिल्या धारा त्या फडक्यावर घ्यायच्या आणि उजेडाला धरून बघायचं, दूध स्वच्छ आहे की त्यात पांढऱ्या बारीक गाठी आहेत. गाठी दिसल्या तर दगडी झाली. कास आतून सुजते, दगडासारखी टणक होते, म्हणून दगडी. "आधी बघायचं, मग काढायचं," तुम्ही म्हणायचा. एकदा थंडीचे दिवस होते, मला परत पांघरुणात शिरायचं होतं, आणि मी फडक्याकडं न बघताच म्हटलं, "न्हाईत गाठी." तुम्ही उठलात, माझ्या हातातून फडकं घेतलं, उजेडाला धरलं. गाठी नव्हत्याच. मला वाटलं, सुटले. पण तुम्ही मला त्याच दिवशी पहिल्यांदा रागावलात. "न्हाईत हे खरं निघालं म्हणून तू खरी ठरलीस व्हय? बघितलं न्हाईस तर बघितलं न्हाई म्हण. त्याला काय जातंय?" मी रडले, आणि तुम्ही मला समजावलं नाही. तो धार काढण्याचा आवाज, चरवीत आधी टणटण आणि मग भरत गेल्यावर मऊ होत जाणारा, अजून त्या वाक्याला चिकटून ऐकू येतो.

आणि ते भिंग. गाठीत काय असतं म्हणून मी फार छळलं, तेव्हा तुम्ही बाजारातून लाकडी दांड्याचं भिंग आणलंत. मी बशीत दूध घेऊन सकाळभर वाकून बसले. तुम्ही विचारलंत, "काय दिसतंय?" मी ओशाळून म्हटलं, "कायच न्हाई." "मग कायच न्हाई असं सांग की बाळा, त्यात लाजायचं काय? हे बी सांगणंच हाय." आता माझ्यासमोर असतो तो सूक्ष्मदर्शक त्या भिंगाच्या शंभरपट आहे. त्यातून मला बरंच काही दिसतं. सांगायला मात्र तेव्हाइतकं सोपं उरलेलं नाही.

तो पाडवा पंच्याण्णव सालचा. कपाळावर पांढरा टिळा असलेल्या म्हशीला दगडी झालेली, डॉक्टरांनी तीन दिवस तीन नळ्या सांगितलेल्या, रोज संध्याकाळची धार पूर्ण काढून झाल्यावर एकेक. पहिली तुम्ही चढवलीत. दुसरी तुम्ही समोर उभे राहून माझ्याकडून चढवून घेतलीत, "हलक्या हातानं, बाळ, तिचं बी अंग हाय," म्हणत. तिसऱ्या दिवशी पाडवा. दुसऱ्या म्हशीला तुम्ही सकाळपासून घासूनपुसून, शिंगं रंगवून, मोरपिसं आणि कवड्या बांधून सगरीला तयार केलेलं. तिला मोटारसायकलच्या मागं पळवत न्यायचं, तालमीजवळ सगळे जमायचे. टिळ्याची म्हैस आजारी, ती गोठ्यातच राहणार. पण तिचीही शिंगं तुम्ही रंगवलीत, तिला वाईट वाटू नये म्हणून. चार वाजता तिची धार तुम्हीच काढलीत, आणि निघताना नळी माझ्या हातात दिलीत. "काल केलीस तशीच. भ्यायचं न्हाई." मी अकरा वर्षांची आहे. दार लोटलं जातं. गल्लीत फटाक्यांची माळ लागते, म्हैस दचकते, मागचा पाय झाडते, आणि माझ्या गुडघ्याशेजारची बादली भिंतीवर जाऊन आपटते. मला काही लागत नाही. पण मी पुन्हा तिच्याजवळ जाऊ शकत नाही. तीन वेळा जाते, तीन वेळा परत येते. मग मी नळीतलं पिवळसर मलम मोरीत पिळते, वर तांब्याभर पाणी ओतते, आणि रिकामी नळी खिडकीत, सगळ्यांना दिसेल अशी ठेवते. उद्या सांगू, असं म्हणते.

महिनाभरात त्याच सडात पुन्हा गाठी आल्या. या खेपेला त्याच औषधाच्या तीन नळ्या चढवल्या तरी काही झालं नाही. डॉक्टरांनी औषध बदललं, मग पुन्हा बदललं, आणि शेवटी ते सड मेलं. तुम्ही अंगठा मुडपून धार काढायचा, जुन्या लोकांसारखी, आणि थंडीत त्या अंगठ्याच्या पेराला कायम भेग असायची. भेग सुजली. तुम्ही हळद भरलीत. मग हात सुजला, ताप आला, दवाखान्यात नेलं, आणि तिथंही इंजेक्शन बदललं, पुन्हा बदललं. साखर वाढलेली होती हे तेव्हाच कळलं. संक्रांतीच्या आधी तुम्ही गेलात. तुमच्या हातातला जंतू आणि म्हशीच्या सडातला जंतू एकच होता का, हे कुणी तपासलं नाही. तपासायचं कुणाच्या मनातही आलं नसणार. आज मला शिकून एवढं ठाऊक आहे, की एका चुकलेल्या नळीनं असं होईलच असं नाही. ते जंतू आधीपासूनच तसे असतील, दुसऱ्या गोठ्यातून आले असतील. परीक्षेत हा प्रश्न आला तर मी हेच उत्तर लिहीन, आणि पूर्ण गुण मिळतील. पण परीक्षेत मला मोरी दिसत नाही.

आता मी काय करते ते सांगते. चांदीचा क्षार पाण्यात उकळून त्यातून आम्ही चांदीचे कण तयार करतो, इतके बारीक की केसाच्या जाडीत हजारो मावतील. पाणी हळूहळू पिवळं होतं, ताज्या तुपासारखं, आणि ते होताना मी अजूनही श्वास धरून बघते. दगडी झालेल्या म्हशींच्या दुधातून काढलेले जंतू काचेच्या बशीत वाढवायचे. सायीसारखा थर धरतो. त्यावर औषधात भिजवलेली कागदाची टिकली ठेवायची. जंतू मेले तर टिकलीभोवती मोकळं कडं उमटतं. आमच्या या जंतूंवर जुन्या औषधाच्या टिकलीला कडंच उमटत नाही, जेमतेम रेघ. पण औषधाच्या जोडीला हे कण दिले तर कण जंतूचं कवच सैल करतात आणि थकलेलं औषध पुन्हा आत शिरतं, असं आम्हाला वाटतं. म्हणजे जे औषध मेलं म्हणून आपण टाकून दिलं, ते पुन्हा कामाला येईल. हे सिद्ध व्हावं असं मला किती वाटतं, ते तुम्हाला सांगायला नको.

आषाढात ते झालं. बशी उघडली तर टिकलीभोवती रुपयाएवढं लख्ख कडं. मॅडम, म्हणजे माझ्या मार्गदर्शक, पट्टी घेऊन तीन वेळा मोजून बघत राहिल्या. फार कडक बाई, पण त्या दिवशी मला म्हणाल्या, "अगं, बघत काय उभी राहिलीस? पेढे आण आधी." पुढच्या वर्षी त्या निवृत्त होतात. वीस वर्षं या विषयामागं घालवून त्यांच्या हाती असं काही पहिल्यांदाच आलं होतं. त्यांनी ते परिषदेला पाठवलं. प्राण्यांवर करून बघायची परवानगी मागितली, ती मिळाली. त्याच बॅचमधून सहा नळ्या भरल्या. त्या विभागाच्या फ्रिजमध्ये, वरच्या कप्प्यात आहेत.

पण त्यात एक चूक आहे, आबा, माझी, आणि ती तुम्हाला लगेच कळेल. कण तयार झाले की पाण्यात न वापरला गेलेला चांदीचा क्षार उरतो. तो काढायला कण यंत्रात फिरवून तळाला बसवायचे, वरचं निवळ पाणी टाकायचं, नवीन पाणी घालायचं. असं तीन वेळा धुवायचं. मला घाबरटपणामुळं एक सवय लागली आहे. काही विसरू नये म्हणून मी सगळ्या पायऱ्या आदल्या दिवशीच वहीत लिहून काढते आणि काम सुरू केलं की पायरी पुरी होण्याआधीच भराभर बरोबरच्या खुणा करत जाते. त्या दिवशी एकदा धुऊन झालं आणि भारनियमनात लाइट गेली. यंत्र बंद. चार तासांनी लाइट आली तेव्हा मी वही बघितली, तीन खुणा दिसल्या, आणि मी बाटलीला बूच लावलं. त्यानंतरच्या बॅच मी नीट धुतल्या, आणि कडी लहान यायला लागली. मॅडम म्हणाल्या, "हात बिघडला की काय तुझा?" मलाही तसंच वाटलं. तीन महिने वाटत राहिलं. मग आईनं "तुझ्यावर इस्वास हुता" म्हटलं त्या दिवसापासून मला वहीतल्या त्या खुणा दिसायला लागल्या.

शनिवारी मी त्या पहिल्या बॅचमधलं उरलेलं काढलं. यंत्रात फिरवलं, वरचं निवळ पाणी वेगळं ठेवलं, त्यात कण नव्हतेच म्हणायचे. कण पुन्हा दोनदा धुतले. एका टिकलीवर औषध आणि धुतलेले कण, दुसरीवर औषध आणि नुसतं ते निवळ पाणी. रविवारी सकाळी विभागात कुणी नव्हतं. मी बशी उजेडाला धरली. नुसत्या पाण्याभोवती जवळजवळ तेवढंच मोठं कडं होतं. जंतू मारले ते उरलेल्या क्षारानं, आमच्या कणांनी नव्हे. धुतलेल्या कणांभोवतीही कडं होतं, नाही असं नाही, रेघेपेक्षा थोडं जास्त. तेवढं खरं आहे. पण पेढे त्याच्यासाठी आणले नव्हते.

आणि येत्या गुरुवारी, वसुबारस दोन दिवसांवर असताना, त्या सहा नळ्यांतली पहिली एका म्हशीला चढवायची आहे. गगनबावड्याच्या रस्त्यावर गाव आहे. म्हैस ज्या मावशींची, त्यांचे यजमान इचलकरंजीला मागावर असतात, घरचं सगळं या बाईच बघतात. म्हशीची दोन सडं आधीच मेलेली, तिसऱ्याला दगडी. गेल्या आठवड्यात नमुना घ्यायला मी गेले होते. विचारलं, "मागल्या खेपेला किती नळ्या चढवल्या?" "दोन," त्या म्हणाल्या. "गाठी गेल्या की. मग तिसरी कशाला? उगं तिला छळायचं." तिथं मी त्यांना समजावून सांगायला हवं होतं, ते माझं कामच आहे. मी नमुन्याच्या बाटलीवर तारीख घालत बसले. त्यांनी विचारलं, "ह्या तुमच्या औषधात चांदी असती म्हणं. म्हंजी आमच्या जोडव्यात असती तीच?" मी म्हटलं, "तीच." "मग ही जोडवी घिऊन जा की खलबत्त्यात घालून!" आणि त्या इतक्या मोठ्यानं हसल्या, की म्हशीनं मान वळवून बघितलं. मग माझ्याकडं बघत म्हणाल्या, "शिक्षण किती झालं तुझं?" "अजून चाललंय." "अजून? अगं बया. मग माझी म्हस बरी कर आणि हुन जा एकदाची पास." निघताना त्यांनी मला पेलाभर दूध दिलं, चांगल्या सडाचं, आणि मी पीत असताना माझ्या बोटाकडं बघून विचारलं, "हे काळं कशानं गं?" माझ्या उजव्या तर्जनीवर चांदीच्या क्षाराचा डाग आहे. तो धुऊन जात नाही, कातडी निघते तेव्हाच जातो. मी म्हटलं, "शाई." तोच क्षार त्या नळ्यांत आहे, आणि सडाच्या आतलं अस्तर माझ्या बोटाच्या कातडीपेक्षा किती नाजूक असतं, हे मला तुम्हीच शिकवलंय. "तिचं बी अंग हाय."

कालपासून मी पाच वेळा फ्रिज उघडून त्या सहा नळ्या तिथंच आहेत ना हे बघितलं. कशासाठी ते मलाही नीट कळत नाही. कालपासून मनात हेही येतं, की कुणाला काही न सांगता नीट धुतलेल्या कणांच्या नळ्या भरून त्यांच्या जागी ठेवाव्यात. म्हशीला इजा होणार नाही. गुणही येणार नाही, पण तसं तर पुष्कळ औषधांनी येत नाही. मॅडमचं परिषदेतलं कडं तसंच राहील, माझी वही तशीच राहील, मावशी पुन्हा दूध देतील. रिकामी नळी खिडकीत ठेवण्यासारखंच ते. मला ते किती सहज सुचलं याचीच जास्त भीती वाटते. आणि सांगितलं तर काय होईल याची वाटते ती वेगळी. मॅडम ओरडणार नाहीत. त्या चष्मा काढून टेबलावर ठेवतील आणि खिडकीबाहेर बघतील. मी ते एकदा बघितलंय, दुसऱ्या एका मुलीच्या बाबतीत. ती परत विभागात आली नाही. मला काढतील का, हे माहीत नाही. त्यांचं परिषदेचं काम मागं घ्यावं लागेल, आणि ते त्यांच्या शेवटच्या वर्षात मी घ्यायला लावलेलं असेल. दगडी पुन्हा दगडीच राहील, तेवढी एक लहानशी रेघ सोडून.

दुपारी आई खोलीत आली. पेन पुन्हा कोपऱ्यात गेलं होतं, ते तिनं उचलून दिलं. म्हणाली, "काय लिवतीयास एवढं?" मी म्हटलं, "लेखात एक दुरुस्ती आहे." तिनं टेबलावरचा अंक उचलून सरळ ठेवला. मग म्हणाली, "त्यांना सांगितलं असतंस तर ते काय बोलले नसते बघ. नुसतं पुन्यांदा नळी आणली असती." आणि निघून गेली. म्हणजे तिला कळलं आहे. कधीपासून, ते विचारायचं धैर्य माझ्यात नव्हतं.

हे पत्र मी त्या अंकातच, तुमच्यावरच्या लेखाच्या पानात ठेवणार आहे. दुरुस्ती निदान चुकीच्या शेजारी असावी. त्या पानात दोन्ही टिकल्यांची मापंही लिहून ठेवली आहेत, निवळ पाण्याचं आणि धुतलेल्या कणांचं. मॅडमना मी ती मापं आणि वही दोन्ही दाखवणार आहे, आणि सहा नळ्या त्यांच्यासमोर टेबलावर ठेवणार आहे. बुधवारी, सकाळी साडेदहाला, त्या केबिन उघडतात तेव्हा.

आता वाचून बघितलं तर एक गोष्ट राहिली, तीही कबूल करते. आज सोमवार आहे. मॅडम बुधवारीच भेटतात असं काही नाही, रोज असतात. बुधवार मी लिहिला तो मध्ये एक दिवस मिळावा म्हणून. त्या पाडव्यालाही मी उद्या सांगू असंच म्हटलं होतं, आणि तो उद्या कधी आला नाही. म्हणून उद्या असं लिहीत नाही. मंगळवार, सकाळी साडेदहा.